सोंग आणि प्रत : जुन्या क्रोनोग्राफ घड्याळाच्या नव्या आवृत्तीची चिकित्सा

१

‘क्रोनोग्राफ’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ ‘काळ लिहिणारा’ असा आहे, आणि ह्या यंत्राच्या आरंभकाळी तो अक्षरशः खरा होता. १८२१ साली पॅरिस येथे घोड्यांच्या शर्यती मोजण्यासाठी निकोला रियुसेक ह्या घड्याळजीने जे उपकरण वापरले, त्यात एक तबकडी फिरत असे व कळ दाबताच तिच्यावर शाईचा ठिपका उमटत असे. घोड्यांमागून घोडे अंतिम रेषा ओलांडीत, ठिपक्यांमागून ठिपके पडत, आणि शर्यत संपली म्हणजे ती तबकडी हाच त्या शर्यतीचा लेख ठरे. पुढे शाई गेली. नाव मात्र राहिले. १८४४ साली आदोल्फ निकोल ह्याने हृदयाच्या आकाराच्या एका लहानशा चकतीचे पेटंट घेतले. त्या चकतीमुळे धावता काटा एका दाबासरशी शून्यावर परतू लागला. जे यंत्र काळ लिहून ठेवीत असे, ते आता काळ दाखवून लगेच पुसून टाकू लागले.

मनगटावरील क्रोनोग्राफ हा ह्या परंपरेचा विसाव्या शतकातील वारस होय. त्यात वस्तुतः दोन यंत्रे एकत्र नांदत असतात. चालू वेळ दाखविणारे यंत्र अखंड चालते. आणि त्याच्या जोडीला बसविलेले दुसरे यंत्र, मागणी होईल तेव्हा, पहिल्याकडून गती उसनी घेते व काम झाल्यावर परत करते. तबकडीच्या कडेवरील मोजपट्ट्या ह्या दुसऱ्या यंत्राच्या उपयोगाची ग्वाही देतात. एक किलोमीटर अंतर तीस सेकंदांत तोडले गेले, तर काटा १२० ह्या आकड्यावर येतो व ताशी वेग तत्काळ वाचता येतो. ही टॅकिमीटरची पट्टी. वीज चमकणे आणि गडगडाट ऐकू येणे ह्यांमधील अवधीवरून अंतर सांगणारी पट्टी टेलिमीटरची. नाडीचे ठराविक ठोके मोजून मिनिटाचा हिशेब देणारी पट्टी वैद्यकीय व्यवसायासाठी असे. ह्या अर्थाने जुन्या क्रोनोग्राफाची तबकडी हे आपल्या वाचकाचा व्यवसाय सांगणारे पृष्ठ होते.

गेल्या काही दशकांत ह्या जुन्या घड्याळांच्या नव्या आवृत्त्या काढण्याची प्रथा जगभर रूढ झाली आहे. १९६३ साली प्रथम आलेल्या ‘कॅरेरा’ ह्या क्रोनोग्राफाची नवी आवृत्ती १९९६ साली निघाली, आणि त्यानंतर क्वचितच एखादी जुनी स्विस कंपनी ह्या वाटेने गेली नसेल. खरेदीदारांचे ह्या घड्याळांवरील अभिप्राय सामान्यतः ‘हुबेहूब’ आणि ‘हुबेहूब नाही’ ह्या दोन शब्दांत संपतात. वस्तू कशाशी हुबेहूब असावयास हवी, आणि हुबेहूब असणे हा गुण तरी आहे काय, ह्या प्रश्नांचा विचार त्यात होत नाही. साहित्याच्या अभ्यासकाला हे प्रश्न अपरिचित नाहीत. मूळ, प्रत, पाठभेद, प्रक्षेप आणि आवृत्ती ह्या संकल्पना पोथ्यांच्या अभ्यासातून सिद्ध झाल्या असल्या, तरी त्यांचे क्षेत्र पोथ्यांपुरते मर्यादित मानण्याचे कारण नाही.

२

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेले आणि १९६६ साली पूर्ण केलेले महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे कार्य ह्या संदर्भात स्मरणीय आहे. विष्णु सीताराम सुकथनकर ह्यांनी घालून दिलेल्या पद्धतीनुसार संपादकांनी जी संहिता सिद्ध केली, ती जशीच्या तशी कोणत्याही एका पोथीत आढळत नाही. अनेक पोथ्यांच्या साक्षीवरून ती निश्चित केलेली आहे. हा तिच्यावरील आक्षेपही आहे आणि तिचे बळही. बळ अशासाठी की, संपादकांनी आपला हस्तक्षेप लपविला नाही. जेथे पाठ निःसंशय ठरविता आला नाही, तेथे त्या शब्दांखाली त्यांनी नागमोडी रेघ ओढली, आणि नाकारलेले पाठभेद त्याच पृष्ठाच्या तळाशी दिले. ‘येथपर्यंत साक्ष आहे, येथून पुढे आमचा निर्णय आहे’ असे वाचकाला सांगणारी ती रेघ ही आधुनिक विद्येने प्राचीन ग्रंथाला दिलेली एक मोलाची देणगी होय.

घड्याळाची नवी आवृत्तीही अशीच, पूर्वी कधीही नसलेली वस्तू असते. तिच्यात जुन्याचे काही अंश घेतलेले असतात, काही सोडलेले असतात, काही नव्याने घातलेले असतात. तिची परीक्षा करताना पहिला प्रश्न असा की, निष्ठा कोठे ठेवली गेली आहे?

तीन प्रसिद्ध उदाहरणांत ह्या प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरे मिळतात. ब्राइटलिंग कंपनीने २०१९ साली १९५९ च्या ‘नॅव्हिटायमर ८०६’ ची नवी आवृत्ती काढली. घड्याळाचे आकारमान, तबकडी आणि काचेऐवजी वापरलेले अॅक्रिलिक ह्यांत मूळ प्रत कसोशीने अनुसरली आहे. किल्ली देण्याची जुनी पद्धतही राखली आहे. आतील यंत्र मात्र ह्याच शतकात त्या कंपनीने घडविलेल्या यंत्राचे रूपांतर आहे. प्रतींची संख्या १,९५९ ठेवण्यात आली. ही संख्या कोणत्याही साक्षीतून आलेली नसून केवळ अलंकार म्हणून आलेली आहे. येथे निष्ठा बाह्यरूपावर आहे.

झेनिथ कंपनीने त्याच वर्षी ‘एल प्रिमेरो ए ३८६’ ची सुवर्णमहोत्सवी आवृत्ती काढली. १९६९ चे मूळ घड्याळ पोलादी होते. नव्या आवृत्तीच्या सर्व १५० प्रती, तीन प्रकारच्या सोन्याच्या प्रत्येकी पन्नास, अशा निघाल्या. पाठ तोच, पण कागद सोन्याचा, अशी ही अवस्था आहे. तथापि आतील यंत्र १९६९ च्या यंत्राचाच सरळ वंशज आहे, आणि त्या वंशाच्या टिकून राहण्याची हकीकत कोणत्याही पोथीच्या हकीकतीइतकी चित्तवेधक आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यास, क्वार्ट्झ घड्याळांच्या लाटेत, झेनिथच्या तत्कालीन अमेरिकन मालकांनी यांत्रिक घड्याळांचे काम थांबविण्याचा आणि त्यासाठी लागणारी अवजारे निकालात काढण्याचा निर्णय घेतला. शार्ल व्हेर्मो ह्या कारागिराने तो निर्णय निमूटपणे मानला नाही. त्याने साचे, हत्यारे आणि कामाच्या टिपणवह्या कारखान्याच्या माळ्यावर दडवून ठेवल्या. पुढील दशकात हे यंत्र पुन्हा तयार करण्याची वेळ आली, तेव्हा त्या माळ्यावरील ऐवजाच्या आधारे ते शक्य झाले. व्हेर्मोने जपले ते तयार घड्याळ नव्हते. घड्याळ करण्याची विद्या होती. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरतो.

तिसरे उदाहरण ओमेगा कंपनीचे. १९६५ साली अंतराळवीर एड व्हाइट ह्याने अंतराळयानाबाहेर पाऊल टाकले, तेव्हा त्याच्याजवळ असलेल्या ‘स्पीडमास्टर’च्या जातीचे घड्याळ ह्या कंपनीने २०२० साली नव्याने काढले. त्यात १९६० च्या दशकाच्या अखेरीस बंद पडलेले ‘३२१’ हे यंत्र पुन्हा घडविण्यात आले, आणि त्यासाठी अपोलो १७ च्या मोहिमेत चंद्रावर गेलेल्या यूजीन सर्नन ह्याच्या घड्याळाचा, ते न उघडता, किरणांच्या साहाय्याने अंतर्वेध घेण्यात आला. उलटपक्षी, काच आता नीलमण्याच्या जातीची कृत्रिम काच आहे, आणि बाहेरील मोजपट्टीचे कडे चिनी मातीच्या जातीच्या कठीण द्रव्याचे आहे. येथे निष्ठा अंतरंगावर आहे. बाह्यांगात काळानुसार बदल केलेला आहे.

ह्यांपैकी कोणतीही पद्धत स्वतःहून निंद्य नाही. आपण काय बदलले हे कंपन्या आपल्या माहितीपत्रकांत सांगतात, हेही मान्य करावयास हवे. परंतु माहितीपत्रक हरवते, घड्याळ राहते. पाठचिकित्सेत रेघ त्याच पृष्ठावर, त्याच शब्दाखाली असते. घड्याळाच्या बाबतीत मात्र अनेकदा उलट दिशेने प्रयत्न होतो. जुन्या तबकड्यांवर अंधारात चमकण्यासाठी प्रथम रेडियमयुक्त व पुढे ट्रिटियमयुक्त रंग लावीत. तो काळाच्या ओघात पिवळट, मग तपकिरी होई. आज वापरला जाणारा रंग किरणोत्सर्गी नाही; तरी अनेक नव्या आवृत्त्यांत तो मुद्दाम तपकिरी छटा देऊन भरला जातो. जुनेपणाची ही झाक अनुभवाने आलेली नसून रंगाऱ्याने दिलेली आहे. पोथी उतरून काढणारा लेखनिक पुष्पिकेत शक, तिथी आणि आपले नाव नोंदवीत असे. म्हणून नवी प्रत जुन्या पोथीच्या नावाने खपत नसे. स्वतःच्या जन्मसालाविषयी संभ्रम निर्माण करणारी आवृत्ती ही पुष्पिका खोडून टाकते. तिचा मुख्य दोष अचूकतेचा नसून हा आहे.

३

भारतीय वाचकाच्या दृष्टीने ह्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, व ती ‘फाव्र-ल्यूबा’ ह्या नावाच्या इतिहासात स्पष्ट दिसते. आब्राम फाव्र ह्याचे घड्याळजी म्हणून नाव १७३७ पासून आढळते. १८१५ साली फाव्र आणि ल्यूबा ह्या दोन घराण्यांची भागीदारी झाली. आणि एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात ह्या कंपनीने मुंबईमार्गे भारतात प्रवेश केला. भारतीय बाजारपेठेत इतक्या लवकर आणि इतक्या चिकाटीने पाय रोवणाऱ्या स्विस कंपन्या थोड्याच होत्या. महाराष्ट्रात हे नाव ‘फेवर-ल्यूबा’ असे उच्चारले गेले आणि घरगुती झाले. बंगळूर येथे १९६१ साली एचएमटीच्या घड्याळांचे उत्पादन जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने सुरू होण्यापूर्वी, आणि नंतरही बराच काळ, ‘सी-किंग’, ‘सी-चीफ’ ह्यांसारखी फेवर-ल्यूबाची किल्लीची घड्याळे शिक्षक, कारकून, अंमलदार अशा मध्यमवर्गाच्या मनगटावर दिसत.

ही घड्याळे साधी, तीन काट्यांची होती. ह्याच कंपनीने १९६२ साली ‘बिव्हॉक’ हे हवेच्या दाबावरून उंची सांगणारे आणि १९६८ साली ‘बॅथी’ हे पाण्यातील खोली सांगणारे घड्याळ केले. तिचे क्रोनोग्राफही होते. यंत्रविद्येच्या इतिहासात त्यांचे स्थान निर्विवाद आहे. परंतु महाराष्ट्रातील सामान्य घरात ‘वडिलांचे फेवर-ल्यूबा’ म्हणून जे जपले गेले, ते बहुधा ह्यांपैकी नव्हे.

क्वार्ट्झच्या लाटेनंतर १९८० च्या दशकात ही कंपनी संस्थापक घराण्याच्या हातून गेली. २०११ साली ती टाटा समूहातील टायटनने घेतली. पुढे ती एथॉस ह्या भारतीय घड्याळ-विक्रेत्या कंपनीशी संबंधित संस्थेकडे आली, आणि २०२४ साली जिनिव्हा येथे नव्या घड्याळांसह तिचे पुनरागमन झाले. एका स्विस नावाचे पालकत्व भारतीयांकडे यावे, ही घटना लहान नाही. ह्या दोन्ही कालखंडांतील दोन निर्मिती तुलनेस योग्य आहेत. टायटनच्या काळात, २०१७ साली, ‘रेडर बिव्हॉक ९०००’ निघाले. १९६२ च्या बिव्हॉकशी त्याचे रूपसाम्य अल्प आहे. पण मूळ घड्याळ जे काम करी तेच, म्हणजे उंची मोजण्याचे काम, ते पूर्वीपेक्षा पुष्कळ मोठ्या मर्यादेपर्यंत, ९,००० मीटरपर्यंत, करते. २०२४ च्या पुनरागमनात ‘सी-स्काय’ ह्या १९७० च्या सुमाराच्या क्रोनोग्राफावर आधारलेले घड्याळ आहे. त्याचे रूप जुन्याची आठवण देते. आत आजचे स्विस यंत्र आहे. पहिल्याने रूप सोडून प्रयोजन राखले. दुसऱ्याने रूप राखले, परंतु क्रोनोग्राफाचे प्रयोजनच ह्या दरम्यान जगातून बहुतांशी ओसरले आहे. आज वेग मोजण्यासाठी टॅकिमीटर कोणी वाचीत नाही. त्यामुळे दुसऱ्या घड्याळावरील मोजपट्टी ही उपयोगाची खूण न राहता स्मृतीची खूण झाली आहे.

स्मृतीची खूण असण्यात काही गैर नाही. मात्र ती स्मृती कोणाची, हे विचारले पाहिजे. भारतात ह्या नावाभोवती जो आदर साठला, तो साध्या किल्लीच्या घड्याळाने कमावलेला आहे. आणि त्या आदराचा लाभ आता महागड्या क्रोनोग्राफाच्या आवृत्तीला मिळत आहे. लोकप्रिय कवीच्या नावावर त्याचे फारसे न वाचले गेलेले पुस्तक राजेशाही बांधणीत काढावे, आणि घरोघरी पाठ असलेली कविता मात्र पुनर्मुद्रणाविना राहावी, तसा हा प्रकार आहे.

४

ती ‘घरोघरी पाठ असलेली कविता’ ह्या दरम्यान अन्य मार्गाने चालू राहिली आहे, आणि तो मार्ग प्रतिष्ठित नाही. जुन्या फेवर-ल्यूबा आणि एचएमटी घड्याळांची यंत्रे दुरुस्त करून, त्यांवर नव्याने रंगविलेल्या तबकड्या चढवून विकण्याचा मोठा धंदा भारतात आहे. संग्राहकांच्या जगात अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ असे नाव पडले आहे, व ते उपहासाने घेतले जाते. उपहासाला कारण आहे. ह्या तबकड्यांवरील अक्षरे अनेकदा वेडीवाकडी, रंग मूळ कंपनीने कधी न वापरलेले, आणि विक्रेत्याने सांगितलेले साल काल्पनिक असते. अशी वस्तू अस्सल जुनी म्हणून विकणे ही फसवणूक आहे. त्याविषयी दुमत असू नये.

तरीही ‘मुंबई स्पेशल’ आणि कंपनीने काढलेली नवी आवृत्ती ह्यांना शेजारी ठेवले असता एक विलक्षण व्यत्यास दिसतो. पहिल्यात आत जुने आहे आणि बाहेर नवे. दुसरीत बहुधा बाहेर जुने आहे आणि आत नवे. पहिल्याला खोटे आणि दुसरीला अधिकृत म्हटले जाते. हा निवाडा केवळ नावावरील कायदेशीर हक्कावर आधारलेला आहे. जुन्याचे सातत्य कोणात अधिक, असे विचारल्यास उत्तर इतके सोपे राहत नाही.

रंग नवा चढविणे म्हणजे वस्तू खोटी करणे, हे समीकरण सर्वत्र लागू पडत नाही, ह्याचा प्रत्यय घेण्यासाठी महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही. नाशिक जिल्ह्याच्या वायव्येस, गुजरातच्या सीमेला लागून असलेला सुरगाणा तालुका हा कोकणा, वारली, महादेव कोळी इत्यादी आदिवासी समाजांचा प्रदेश. १९४८ साली विलीन होईपर्यंत सुरगाणा हे देशमुखांचे एक छोटे संस्थान होते. सुरगाणा, पेठ, जव्हार, मोखाडा ह्या डोंगरपट्ट्यात बोहाडा हा मुखवट्यांचा उत्सव चालत आलेला आहे. देवदेवता, राक्षस आणि पुराणातील पात्रे ह्यांची सोंगे मुखवटे घालून, संबळाच्या तालावर, रात्रभर नाचविली जातात. अनेक गावी विशिष्ट सोंग विशिष्ट घराण्याकडे परंपरेने असते. हे मुखवटे वापराने झिजतात, त्यांचा रंग उडतो, आणि उत्सवापूर्वी ते पुन्हा रंगविले जातात. ताज्या रंगामुळे गणपतीचा मुखवटा खोटा झाला, असे पाहणाऱ्याला वाटत नाही. उलट, रंग न देता तो तसाच नाचविणे हाच सोंगाचा अनादर ठरावा. जुनेपण तेथे रंगाच्या थरात नसते. ते नाच, ताल, घराण्याचा अधिकार आणि गावाची समज ह्यांत असते.

ह्या उदाहरणातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक अशी की, पुन्हा रंगविण्याने सातत्य तुटत नाही. ते चालविणाऱ्यांची साखळी तुटली म्हणजे तुटते. दुसरी अशी की, बोहाड्यात कोणाचीही फसवणूक होत नाही, कारण रंग नवा आहे हे सर्वांना ठाऊक असते. ‘मुंबई स्पेशल’चा दोष तबकडी रंगविण्यात नाही, रंगविल्याचे लपविण्यात आहे. आणि तपकिरी छटेची तबकडी घेऊन येणाऱ्या अधिकृत आवृत्तीचा दोष, प्रमाणाने कमी असला तरी, त्याच जातीचा आहे.

साखळीचा मुद्दा अधिक गंभीर आहे. किल्लीचे साधे घड्याळ तालुक्याच्या गावचा घड्याळजी उघडू शके, साफ करू शके, आणि दुसऱ्या बंद घड्याळातील भाग घालून चालू करू शके. सुरगाण्यासारख्या रेल्वेपासून दूर असलेल्या भागात घड्याळ एकदा घेतले की पिढीभर चालावे, अशीच अपेक्षा असणार. आणि ती अपेक्षा पुरी करणारा मनुष्य कंपनीचा नसून बाजारपेठेतील घड्याळजी होता. २०१६ साली केंद्र शासनाने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतल्यावर त्या लक्षावधी घड्याळांचे उत्तरायुष्य ह्याच घड्याळजींच्या हाती राहिले. व्हेर्मोने झेनिथच्या माळ्यावर जे जपले, ते आपल्याकडे अनेक अनामिक माणसांनी दुकानाच्या फळीवर, डोळ्याला भिंग लावून जपले. व्हेर्मोचा गौरव झाला, तो योग्यच झाला. येथील कारागिरांच्या वाट्याला मात्र ‘स्पेशल’ हे उपहासाचे विशेषण तेवढे आले.

५

नव्या आवृत्त्यांच्या बाजूनेही सांगण्यासारखे पुष्कळ आहे. मूळ क्रोनोग्राफ आता दुर्मिळ आणि नाजूक झाले आहेत. पाणी, धक्के आणि धूळ त्यांना सोसत नाही. रेडियमच्या तबकड्या उघडणे आरोग्यास घातक आहे. अनेक घड्याळांचे भाग जोडून अस्सल म्हणून विकलेल्या वस्तूपेक्षा उघडपणे नवी असलेली वस्तू अधिक प्रामाणिक, हेही खरे. ज्याला जुन्या रूपाची आवड आहे त्याने मूळ वस्तू झिजवू नये, नवी वापरावी, हा युक्तिवाद ग्रंथालयातील जुनी पोथी जपून ठेवून वाचकाच्या हाती मुद्रित प्रत देण्यासारखा आहे. त्याचे मोल नाकारता येत नाही.

पण मग मुद्रित प्रतीला लागू असलेल्या कसोट्याही तिला लागू झाल्या पाहिजेत. पहिली कसोटी पुष्पिकेची. आवृत्तीने आपले साल आपल्या अंगावर वहावे, आणि वयाचे सोंग घेऊ नये. दुसरी कसोटी नागमोडी रेघेची. कोणता अंश मुळातला, कोणता संपादकाचा, हे वस्तूपासून अलग न होणाऱ्या रीतीने नोंदलेले असावे. तिसरी कसोटी साखळीची, आणि हीच सर्वांत कठीण आहे. आवृत्तीने मूळ परंपरेला पुढे चालते ठेवावे. तिचे सुटे भाग आणि तिच्या दुरुस्तीची विद्या कंपनीच्या चार भिंतींबाहेरच्या घड्याळजीलाही उपलब्ध असावी. ह्या तिन्ही कसोट्या लावल्या तर ‘३२१’ चे पुनरुज्जीवन यंत्रापुरते श्रेष्ठ ठरते, ‘बिव्हॉक ९०००’ प्रयोजनापुरते श्रेष्ठ ठरते, आणि निव्वळ रूपावर उभ्या असलेल्या आवृत्त्या, त्या कितीही हुबेहूब असोत, खालच्या पायरीवर राहतात. तिसऱ्या कसोटीत मात्र जवळजवळ सर्वच आवृत्त्या कमी पडतात.

फेवर-ल्यूबाच्या भारतीय पालकांपुढे ह्या बाबतीत जी संधी आहे, ती अन्य कोणत्याही स्विस नावाच्या मालकांपुढे नाही. ह्या नावाची हजारो किल्लीची घड्याळे आजही भारतातील घरांत, कपाटांच्या खणांत, बंद पडून आहेत. त्यांच्यासाठी भाग घडविणे, त्यांच्या तबकड्या उघडपणे आणि सालाच्या नोंदीसह नव्याने रंगवून देणे, आणि हे काम जाणणाऱ्या घड्याळजींना मान्यता देणे, ह्यांपैकी काहीही घडले तर ती खऱ्या अर्थाने ह्या नावाची चिकित्सित आवृत्ती होईल. बोहाड्याचा मुखवटा दरवर्षी नव्या रंगाने उजळतो, कारण तो घालून नाचणारे घराणे अद्याप आहे. ते घराणे नसेल, तर मुखवट्याची उत्तमोत्तम प्रतिकृतीही भिंतीवरची शोभा ठरेल.